आज किती लांब?

तळमजल्यावरचे काका पहाटे गेले. काकूंनी बेल वाजवली तेव्हा साडेपाच वाजले असतील. डॉक्टर येऊन गेले आणि उजाडेपर्यंत सोसायटीतली निम्मी माणसं पार्किंगमध्ये जमली. कोणी वैकुंठ स्मशानभूमीत फोन लावला, कोणी दाखल्याचं बघितलं, कोणी शीतपेटी कुठे मिळते ते विचारून ठेवलं. मग सगळेच एका प्रश्नापाशी येऊन थांबले. मुलगा सॅन फ्रान्सिस्कोला. थांबायचं का? बी विंगमधल्या, बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी खिशातून विजेचं बिल काढलं आणि त्याच्या पाठीवर आकडे मांडायला घेतले. घर ते विमान, तीन तास. तिथून दुबई, सोळा. दुबईत थांबा, तीन. दुबई ते मुंबई, तीन. इमिग्रेशन आणि सामान, दीड. मग घाट, चार. बेरीज साडेतीस. "म्हणजे आज रात्री निघाला तर..." असं म्हणून ते अडले. तिकडे अजून आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. 'आज रात्री' ही नेमकी कोणाची रात्र धरायची, हे तिथे उभ्या असलेल्या कोणालाच चटकन सांगता येईना.

काकू जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. बिलाकडे त्यांनी पाहिलंही नाही. म्हणाल्या, "थांबू नका. त्याला नीट, सावकाश येऊ दे. अंतर काय आज वाढलंय का?"

दुपारपर्यंत सगळं उरकलं. मुलाने व्हिडिओ कॉलवर पाहिलं. पुतण्या फोन धरून उभा होता आणि त्याचा हात भरून आला की दुसरा कोणीतरी तो हातात घेत होता. त्या गडबडीत एक गोष्ट माझ्या मनात रुतली. इथे मंगळवारी पहाटे गेलेल्या वडिलांची बातमी त्या मुलाला सोमवारी संध्याकाळी कळली होती. वर्षश्राद्धाची तिथी इथलीच धरायची, हे गुरुजींनी सांगितलं आणि तो प्रश्न मिटला. पण त्याच्या तिकडच्या कॅलेंडरात तो दिवस सोमवारच राहणार. काकूंचं वाक्य मात्र मिटेना. भाजी चिरताना, बसमध्ये, रात्री दिवा घालवल्यावर ते परत परत यायचं. त्यांना म्हणायचं होतं ते मला कळलं होतं. मुलगा अमेरिकेला गेला त्या दिवशीच हे ठरलं होतं, आज नव्याने काही लांब झालेलं नाही. तरी मनात एक उत्तर उमटायचं, आणि ते त्यांना ऐकवण्याची ती वेळ नव्हती.

अंतर वाढतं. काही दिवशी खरंच वाढतं.

हे मला ठाऊक आहे, कारण मी वेधशाळेतल्या माणसाची मुलगी आहे. बाबांची सगळी नोकरी शिवाजीनगरच्या शिमला ऑफिसात गेली. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्याला आलं आणि त्या दगडी इमारतीला तेच नाव चिकटलं. आता खालच्या चौकात सिग्नलला उभ्या असलेल्या पोरांना ते कुठून आलं असेल असा प्रश्नही पडत नाही. बाबांचं काम नकाशे भरायचं. देशभरातून फुग्यांची निरीक्षणं यायची. ते फुगे जगभर एकाच वेळेला सोडतात, आपल्याकडे ती वेळ पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच. कुठल्या उंचीवर वारा कुठून आणि किती जोराने वाहतोय, ते शाईने नकाशावर उतरवायचं. सुट्टीच्या दिवशी मला घेऊन गेले तर एखादा जुना, रद्दीत निघालेला नकाशा हातात द्यायचे. प्रत्येक ठिकाणापाशी एक बारीक दांडी आणि दांडीला काड्या. लहान काडी म्हणजे पाच नॉट वेग, मोठी काडी दहा, आणि भरीव त्रिकोणी झेंडा म्हणजे पन्नास. मला झेंडे मोजायला आवडायचे. थंडीतल्या, बारा किलोमीटर उंचीच्या नकाशावर दिल्लीच्या आसपास दोन झेंडे सहज दिसायचे. नजर तशीच पूर्वेला नेली की जपानवर तीन, कधी चार. दोन झेंडे म्हणजे तासाला १८५ किलोमीटर. एवढा वारा जमिनीवर सुटला तर गावात एक पत्रा जागेवर राहणार नाही. वर मात्र तो महिनोन्महिने वाहत असतो, पश्चिमेकडून पूर्वेकडे, आणि खाली कोणाच्या अंगणातलं पान हलत नाही.

हा वारा पहिल्यांदा नीट मोजला तो जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी. तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून त्यांनी निरीक्षणं घेतली आणि १९२६ साली अहवाल छापला, तो एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या भाषेत. साऱ्या जगाला वाचता यावा म्हणून ती भाषा निवडली आणि जगाने तो वाचलाच नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बॉम्बफेकी विमानं जपानवर समोरच्या वाऱ्यात जागच्या जागी अडायला लागली, तेव्हा कुठे बाकीच्यांचे डोळे उघडले. बाबांना ओइशींबद्दल फार जिव्हाळा. त्याहून जास्त जिव्हाळा आपल्याच खात्यातल्या पी. कोटेश्वरम यांच्याबद्दल. पावसाळ्यात आपल्या दक्षिण भारतावर, चौदा-पंधरा किलोमीटरवर, वारा उलटा म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो. कोटेश्वरम यांनी १९५८ साली तो मांडून दाखवला. "आपल्या डोक्यावरचा वारा आपल्या माणसाने ओळखला," हे सांगताना बाबांचा आवाज बदलायचा.

धाकटा भाऊ कॅलिफोर्नियाला गेला तेव्हा या सगळ्याचा घरगुती उपयोग सुरू झाला. विमानाचा स्वतःचा वेग तासाला नऊशे किलोमीटर धरला, तर पाठीशी दोन झेंड्यांचा वारा असताना जमिनीच्या हिशोबाने ते हजाराच्या वर जातं आणि तोच वारा समोरून आला तर सातशेवर येतं. पाषाण रस्त्यावर वारा छातीवर घेत सायकल हाणलेल्या माणसाला हे निराळं सांगायला नको. बाबा दर वेळी त्याला विचारायचे, "कुठल्या बाजूने येतोयस?" त्याला वाटायचं, कुठली एअरलाइन ते विचारतायत. बाबांना पूर्व की पश्चिम हे हवं असायचं. २०१६च्या ऑक्टोबरात एअर इंडियाने दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोचं विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. ती बातमी बाबांनी कापून जपून ठेवली होती. नवी वाट जवळजवळ १५,३०० किलोमीटरची, जुन्या वाटेहून सुमारे १,४०० किलोमीटर लांब. तरीही विमान साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा दोनेक तास लवकर, कारण सगळा वारा पाठीशी होता. लांबची वाट घेतली म्हणून ते लवकर पोचलं. कात्रणाच्या समासात बाबांनी पेन्सिलीने झेंडे काढले आहेत. ते कात्रण माझ्यापाशी आहे.

पुणे ते सॅन फ्रान्सिस्को किती, असं फोनला विचारलं तर तो साधारण साडेतेरा हजार किलोमीटर सांगतो. पृथ्वीच्या पाठीवरून काढलेली ती सगळ्यात जवळची रेघ. पुण्याहून ती अमेरिकेच्या दिशेने पश्चिमेला जातच नाही. जवळजवळ सरळ उत्तरेला, जरा पूर्वेकडे कलून निघते, चीन आणि सायबेरिया ओलांडते, आर्क्टिकच्या बर्फावरून पंचाहत्तर अंश अक्षांशाच्याही वर चढते आणि अलास्कावरून खाली उतरते. फार देखणी रेघ आहे. पण त्या रेघेवरून बहुधा कधी कोणी गेलेलं नाही. मध्ये तिबेटचं पठार येतं. विमानातला हवेचा दाब गेला तर वैमानिकाला तडक तीन हजार मीटरच्या आसपास खाली यावं लागतं, म्हणजे माणसांना मास्कशिवाय श्वास घेता येतो. तिथे जमीनच साडेचार हजार मीटरवर आहे, खाली यायचं कुठे? डोक्यावरच्या मास्कमधला ऑक्सिजन पंधरा-वीस मिनिटं पुरतो. म्हणून विमानं वळसा घेतात. साडेतेरा हजार हा आकडा खरा, आणि तो प्रवास खऱ्या माणसाच्या वाट्याला येत नाही. प्रत्येकाला त्या दिवशीचं अंतर मिळतं.

वारा तरी निसर्गाचा. माणसांनी वाढवलेलं अंतर मला जास्त लागतं. २०१९च्या फेब्रुवारीत पाकिस्तानचं आकाश बंद झालं, ते जुलैपर्यंत. २०२५च्या एप्रिलअखेर आपल्या विमानांसाठी ते पुन्हा बंद झालं आणि दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या विमानांचे तास वाढले. २०२२नंतर अमेरिकेच्या आणि युरोपच्या विमानांना रशियावरून जाता येत नाही. २०२५च्या जूनमध्ये इराणचं आकाश मिटलं तेव्हा निघालेली विमानं अर्ध्या वाटेतून माघारी वळली. जमिनीवर कुठे भांडण लागलं की कोथरूडच्या एखाद्या आईच्या मुलाचे दोन तास वाढतात, पाच वाढतात, कधी एक अख्खा दिवस वाढतो. त्या आईचा त्या भांडणाशी काडीचा संबंध नसतो.

आणि २०२० साली तर तासच उरले नाहीत.

त्या मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात परदेशाहून येणारी विमानं बंद झाली. मे महिन्यात परदेशात अडकलेल्यांना आणायला 'वंदे भारत' मोहिमेची विमानं सुटायला लागली, नेहमीची उड्डाणं पूर्ववत व्हायला मात्र २०२२चा मार्च अखेर उजाडला. त्या काळात आई बाथरूममध्ये घसरली आणि तिचा खुबा मोडला. ऑपरेशनच्या आदल्या रात्री भाऊ फोनवर होता. मी फोन उशीला टेकवून ठेवला होता आणि दोघंही काही बोलत नव्हते. त्याच्या खोलीतल्या घड्याळाची टिकटिक आमच्या खोलीत ऐकू येत होती. एरवी कितीही लांब असला तरी आमच्या मनात एक आकडा असायचा, तीस तास, पस्तीस तास. भांडलं, चिडलं, रडलं तरी त्या आकड्याचा आधार असायचा, कारण त्याच्या शेवटी दार उघडून माणूस आत येणार असायचा. त्या वर्षी आकडाच काढून घेतला होता. काकूंचं वाक्य आठवलं की मला ती रात्र आठवते, आणि मग त्यांच्याशी मनातल्या मनात वाद घालायला मी पुन्हा तयार होते.

आई आता बरी आहे. काठी घेऊन चालते आणि भावाचं विमान निघालं की फोनवरच्या नकाशात त्याच्याबरोबर प्रवास करते. तो छोटा पिवळा ठिपका कुठवर आला हे ती मला स्वयंपाकघरात येऊन सांगते. "मस्कतवर आलंय." तिला मस्कत, बाकू, अँकरेज ही नावं आता लोणावळा-खोपोलीसारखी पाठ झालीत. ठिपका समुद्रावर गेला की कधीकधी दिसेनासा होतो, कारण खाली सिग्नल घ्यायला कोणी नसतं. तेवढा वेळ ती पोथी घेऊन बसते, पण पान उलटत नाही. तिचा भाऊ, म्हणजे माझा मामा, पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी तिकडे गेला तेव्हा निळं एअरोग्रॅम यायला दोन-दोन आठवडे लागायचे. मजकूर चारी बाजूंनी, दुमडीच्या आत, डिंकाच्या पट्टीपर्यंत लिहिलेला. ते उघडताना आई सुरी गरम करून घ्यायची, नाहीतर दोन ओळी फाटून जायच्या. मी एकदा तिला म्हटलं, तेव्हापेक्षा आता किती बरं. ती म्हणाली, "तेव्हा त्याला काही झालं असेल हे मला दोन आठवडे माहीतच नसायचं, म्हणून मी जेवत होते." आता ठिपका दहा मिनिटं दिसला नाही तरी तिच्या घशाखाली घास उतरत नाही.

काकांच्या तेराव्यानंतर एके दिवशी तिने स्वतःहून विषय काढला. शेंगा सोलत बसलो होतो. म्हणाली, "माझ्या वेळी एक दिवस थांबा. एकाच्या वर नको. तेवढ्यात पोचला तर पोचला." मी काही बोलले नाही. ती पुढे म्हणाली, "आणि आधी बघा, कुठलं आकाश चालू आहे ते." बाबांच्या संगतीत इतकी वर्षं काढलेली बाई, तिला हे सुचणारच. मग शेंगांची साल घेऊन ती उठली. मी मात्र हिशोब करत बसले. एका दिवसात तो पोचू शकत नाही. तिलाही ते माहीत आहे. तरी तिने एक दिवस मागितला, काकूंसारखं 'थांबू नका' म्हणाली नाही. त्या एका दिवसात तिची आशा आहे, आणि त्या आशेत मी लुडबूड करणार नाही.

एवढ्या सगळ्यात आपल्या हातात असलेले तास कुठले, तर आपल्या दारातले. दुबई ते मुंबई, दोन हजार किलोमीटर, तीन तास. मुंबईच्या विमानतळावरून कर्वेनगर, दीडशे किलोमीटर, चार तास, आणि घाटात ट्रक बंद पडला असेल तर सहा. सतरा-अठरा तास न झोपलेली माणसं मागच्या सीटवर मान टाकून घाट चढतात. ड्रायव्हरने त्या रात्री एक फेरी आधीच मारलेली असते, तो खिडकी खाली करून तोंडावर वारा घेत असतो. अमेरिकेच्या विमानात चार वैमानिक असतात, दोघं चालवतात तेव्हा दोघं झोपतात, असा नियमच आहे. आमच्या एक्स्प्रेसवेवर पहाटे तीनला तो एकटा असतो. प्रवासातली मला सगळ्यात जास्त धास्ती याच दीडशे किलोमीटरची. भाऊ खंडाळ्याचा बोगदा ओलांडल्याचा मेसेज करतो तेव्हा मी गॅसवर चहा ठेवते.

पुण्याहून परदेशी थेट जाता येत नाही असं नाही. २००८ साली लोहगावच्या विमानतळावरून फ्रँकफर्टचं विमान सुरू झालं होतं, पुढे ते बंद पडलं. दुबई, बँकॉकसारखी काही होतात. पण लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ, धावपट्टी अडीच किलोमीटरची. अमेरिकेपर्यंतचं इंधन भरलेलं मोठं विमान एवढ्यात उचलत नाही. म्हणून गेली कित्येक वर्षं सगळ्यांची नजर पुरंदरकडे आहे. तिथल्या सात गावांच्या जमिनीवर मोठं विमानतळ व्हायचं आहे. पारगाव, खानवडी, वनपुरी, कुंभारवळण, एखतपूर, मुंजवडी, उदाचीवाडी. या गावांची नावं पुण्यात अनेकांना विमानतळाच्या बातम्यांतूनच कळली. मला त्या भागातली अंजिरं आणि सीताफळं आठवतात, टोपलीत पानं घालून मांडलेली, बोट लावलं तर दबणारी. तिथल्या शेतकऱ्यांनी विरोध केला, मोर्चे काढले, मोजणीला आलेल्यांना अडवलं.

मला तिथे धावपट्टी हवी आहे. सरळ सांगते, आईचा तो एक दिवस डोळ्यांसमोर असताना मला घाटाचे चार तास नको आहेत. सासवडच्या बाजूने चाळीस-पन्नास मिनिटांत भाऊ दारात येईल, हा विचार मनात आला की तो सोडवत नाही. आणि त्याच वेळी हेही दिसतं, की ज्या माणसाचं बारमाही पाणी लागलेलं अंजिराचं रान त्याखाली जाणार, त्याची मुलं त्याच्यापासून साडेतीस तासांवर नाहीत, बांधावर आहेत. माझी माणसं जवळ यावीत म्हणून त्याने उठायचं. हे मला बरोबर म्हणता येत नाही, आणि नको असंही म्हणवत नाही. त्याच्या जमिनीचा भाव ठरेल, पुनर्वसन ठरेल, तेव्हा त्याला काय हवं ते आधी विचारावं, पूर्ण विचारावं, आणि ते देता येत नसेल तर आम्ही घाटाने येत राहू.